बोटीच्या डिझेल इंजिनातल्या रोटरी पंपाचं हेड-रोटर बदललं, त्याला नऊ महिने झाले

माझ्या पर्यटक बोटीचं इंजिन सकाळी धक्क्यावर पहिल्या सेल्फला सुरू. तासभर डॉल्फिन दाखवून बेटाजवळ इंजिन बंद केलं आणि पंधरा मिनिटांनी परत सेल्फ मारला, की नुसतं घुरघुर. पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू! दोन मोसम मी हे भोगलं.

तारकर्ली-देवबागेत बहुतेकांकडे आउटबोर्ड आहेत. माझी जुनी मासेमारीची फायबर बोट, आत टेम्पोचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मरीन करून बसवलेलं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तिथे पर्यटक बोटीत असताना इंजिन रुसलं, की नांगर टाकायलाही हात थरथरतात.

आधी पैसे कुठे घालवले ते सांगतो. नवी बॅटरी. मग सेल्फ मोटर उघडून बुश आणि कार्बन. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल टेस्टिंगला. सेल्फ जोरात फिरायला लागला, धूर कमी झाला, पण गरम झाल्यावरचं दुखणं जागच्या जागी. धक्क्यावर कोणी म्हणालं, हे बीएस-6, म्हणजे कमी गंधकाच्या डिझेलचं आहे. 2020 पासून सगळ्यांच्या टाकीत तेच आहे, मग शेजारच्याची बोट कशी सुरू होते?

शेवटी बोट हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलानं निदान केलं, तेही फुकट. बंद पडलेल्या इंजिनाच्या डिझेल पंपावर फडका गुंडाळायला लावला आणि म्हणाला, "पंपार थंड पाणी ओत बघू. हळूहळू." पाच मिनिटं तांब्या-तांब्यानं ओतलं, सेल्फ मारला, पकडलं! "बघलंस? गरम झाला की डिझेल पातळ होता, आणि झिजलेलो पंप ता धरून ठेवणा नाय."

यात जादू काही नाही. रोटरी पंप म्हणजे नोझलना दाबानं डिझेल पोचवणारा पंप. त्यात हेड या स्थिर भागाच्या आत रोटर फिरतो, दोघांमधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि वंगण म्हणून डिझेलच. डिझेलचा दाटपणा मानकात 40 अंशांना 2 ते 4.5 सेंटिस्टोक धरलाय. तापलं की तो अजून खाली येतो. फट झिजून वाढलेली असेल तर सेल्फच्या मंद फेऱ्यांत दाब तयार होण्याआधीच डिझेल मागे गळतं. चालू इंजिनात फेरे जास्त, म्हणून तेव्हा कळत नाही. इंजिन बंद केल्यावर पाण्याचं फिरणं थांबतं, ब्लॉकची सगळी उष्णता पंपात चढते, म्हणून तासभर चाललेल्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं थांबलेलं इंजिन जास्त त्रास देतं.

मात्र चालू, तापलेल्या पंपावर पाणी मारू नका. आतला रोटर धरतो आणि मग खरंच नवा पंप घ्यावा लागतो. ओतताना सेल्फ आणि अल्टरनेटर झाका.

तांब्याआधी दोन गोष्टी बघा, मी बघितल्या नव्हत्या. चावी फिरवल्यावर स्टॉप सोलेनॉइडचा (पंपाचं डिझेल सोडणारी-तोडणारी विजेची झडप) 'टक' आवाज येतो का? काही सोलेनॉइड तापल्यावरच दगा देतात आणि ते बदलणं पंपापेक्षा फार स्वस्त. दुसरं, लाइन हवा धरते का: फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. माझ्याकडे बॅन्जो बोल्टचा (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) एक तांब्याचा वॉशर चपटा झाला होता. तो बदलल्यावर फरक पडला, पण थोडाच.

मोसम सुरू होण्याआधी पंप कॅलिब्रेशनला दिला. हेड-रोटर, सील किट, मजुरी धरून सव्वीस हजार. सप्टेंबर ते मे रोज तीन-चार फेऱ्या मारल्या. एप्रिलच्या दुपारी बेटावर थांबून परत सुरू करताना दोन सेल्फपेक्षा जास्त कधीच लागले नाहीत. डिझेलही थोडं वाचतं असं मला वाटतं, पण मी मोजलेलं नाही.

उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनला समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा तांब्याचा कूलरही त्याच वेळी लावला होता. जानेवारीत तो काढला. काहीच बिघडलं नाही. ते पैसे वाया गेले. त्यापेक्षा टाकी पाव भरून दुपारी निघणं बंद केलं, कारण गरम रिटर्न थोड्या डिझेलात फिरत राहिला की टाकीच तापते.

आता एक कुरकुर आहे. मेच्या शेवटी डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलेलं दिसलं आणि हुंगल्यावर डिझेलचा वास आला. पंपाच्या शाफ्ट सीलमधून डिझेल टायमिंग केसमध्ये आणि तिथून इंजिनाच्या ऑइलात उतरतंय. ऑइल लगेच बदललं. बोट पावसाळ्यासाठी वर काढली आहे, पंप परत त्याच कारागिराकडे गेलाय. सील किटचे पैसे तो पुन्हा मागतोय आणि मी देणार नाही म्हणतोय.