वासोटा की हरिश्चंद्रगड?

सह्याद्रीचं जंगल बघायचं असेल तर माझं मत सरळ वासोट्याला. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीला उतरायचं, वनखात्याकडे नोंद करायची आणि चढायला लागायचं. हे कोयना अभयारण्य. २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाट जवळजवळ माथ्यापर्यंत दाट झाडीतून जाते, भर दुपारीही ऊन अंगावर येत नाही. वाटेत थांबून वर बघा: उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा गोल गोळा दिसला, तर ते शेकरूचं घरटं. खाली ओल्या मातीत गव्याचे खूर उमटलेले असतात. म्हणून इथे गप्पा, गाणी नकोतच. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत लाँच गाठावीच लागते. पावसाळ्यात तर गड बंदच.

हरिश्चंद्रगडाचं तसं नाही. पाचनईची वाट सोपी, लहान मुलंही चढतात. नळीची वाट मात्र सरावलेल्यांनीच धरावी. तिथेही अभयारण्य आहे, कारवीची झुडपं आहेत. पण लोक जातात ते कोकणकड्यासाठी, आणि ते योग्यच आहे. आत वळलेला तो अर्धगोल कातळ आणि पायाखालून वर येणारं धुकं दुसरीकडे कुठे मिळणार? केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. शनिवार-रविवारी मात्र गर्दी फार. जमलं तर मधल्या वारी जा, आणि आपला कचरा आपल्याच पाठपिशवीतून खाली आणा.