घुसून मारायचं की कोर्टात खेचायचं?

यंदा गणेशोत्सवात आमच्या इंदूरच्या मंडळाने वादविवादाला हाच विषय ठेवलाय, म्हणजे पाकिस्तानातून होणाऱ्या दहशतवादी हल्ल्यांना उत्तर कसं द्यायचं, आणि बाजू आधीच कळवायची आहे. मागे मी परीक्षक होते तेव्हा असल्याच विषयावर बहुतेक पोरं ‘घुसून मारा’ म्हणायला उभी. टाळ्या तिथेच पडतात ना! एकाने टेबलावर असा हात आपटला की माझा चहा गुणपत्रिकेवर.

त्या बाजूचा जोर वेगात आहे. उरीचा हल्ला १८ सप्टेंबर २०१६चा, सर्जिकल स्ट्राइक अकराव्या दिवशी. पुलवामानंतर बालाकोट बाराव्या दिवशी. पहलगामला २६ जण गेले, त्यात आपल्या इंदूरचाही एक. पंधरवड्यात, ७ मे २०२५ला, ऑपरेशन सिंदूर. पलीकडच्यांना हल्ला महागात पडतो, हे खरंच. पण समोरचा विचारणार, उरीनंतर पुलवामा झालंच की! शिवाय दोघांकडे अण्वस्त्रं, आणि दर खेपेला एक पायरी वर चढावी लागते. सिंधू पाणीकरार स्थगित केला, तो मुद्दा दोन्ही बाजूंना वापरता येतो; त्यात वेळ घालवू नका.

कोर्टाची बाजू कंटाळवाणी, पण माल तिथे आहे. २६/११ला तुकाराम ओंबळेंनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. आधी कानांवर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला तो आपलाच नागरिक असल्याचं कबूल करावं लागलं. दहाही जण मेले असते, तर हे साधलं नसतं. पुढे २०१८ ते २०२२ पाकिस्तान एफएटीएफच्या, म्हणजे दहशतवादाचा पैसा रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या, करड्या (देखरेखीच्या) यादीत होता. कर्ज-गुंतवणुकीला चिमटा बसला आणि २०२०मध्ये तिथल्याच कोर्टाने २६/११चा सूत्रधार हाफिज सईदला दहशतीसाठी पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा सुनावली.

दुखरी नस वेळेची. २६/११च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा भारतात आला तो एप्रिल २०२५मध्ये. त्याहून अवघड कंदाहार: मसूद अझहर आपल्याच तुरुंगात होता, १९९९मध्ये कंदाहारला नेलेल्या अपहृत विमानातल्या ओलिसांच्या बदल्यात सोडावा लागला. त्याने काढलेल्या जैश-ए-मोहम्मद संघटनेनेच पुलवामा घडवलं.

मी कोर्टाचीच बाजू घेईन. तुम्ही घेतलीत, तर कंदाहार समोरच्याने काढायच्या आत स्वतःच काढा, आणि घंटी व्हायच्या आधी दीड मिनिट त्या मुद्द्याला राखून ठेवा.