पोरगा एमडीची नशा करतोय: व्यसनमुक्ती केंद्रात भरती करायचं की घरी ठेवून ओपीडी?

गेल्या सहा-सात महिन्यांत ओळखीतल्या तीन घरांतून मला एकच फोन आला, "पोरगा एमडी घेतो हे कळलंय, आता केंद्रात टाकू का घरीच ठेवून डॉक्टरकडे नेऊ?" तिघांनाही अर्धा-अर्धा तास तेच सांगितलं, म्हणून आता लिहूनच टाकतो. धाकट्या भावासाठी आम्ही दोन्ही केलंय, आधी केंद्र, मग ओपीडी. मी डॉक्टर नाही आणि हा एका घरातला अनुभव आहे, तेवढं धरून वाचा.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, तरतरी आणणारी उत्तेजक पावडर, त्यापुढे जास्त सांगत बसत नाही. फक्त दारूवरून तिचा अंदाज बांधू नका. नाकातून ओढली की काही मिनिटांत चढते, तासाभरात उतरायला लागते आणि उतरताना इतकं भकास वाटतं म्हणे की हात लगेच दुसऱ्या लाइनकडे जातो. धाकटा एका रात्रीत अख्खी पुडी संपवायचा, मग दोन दिवस झोप नाही, जेवण नाही, खाली कोणीतरी उभं आहे म्हणून पडदे ओढून बसायचा. आणि ब्राउन शुगरवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी असते तशी बदली गोळी एमडीला नाही. डॉक्टर झोपेचं, उदासीचं, संशयाचं औषध देतात, बाकीचं काम बोलण्यातून आणि रोजचं जगणं बदलण्यातूनच होतं, आणि त्याला महिने लागतात.

तो घ्यायला का लागला हे आम्हाला फार उशिरा कळलं. आई-बाबांचं ठाम मत होतं की संगत वाईट. नाइट शिफ्ट होती, जागं राहायला टीममधल्या एकाने पहिल्यांदा फुकट दिली, हे खरंच. पण नंतर समुपदेशक मॅडमना तो म्हणाला की घेतल्यावर मी चार लोकांत बोलू शकतो, एरवी मला कॅन्टीनमध्ये एकटं जेवायचीसुद्धा लाज वाटते. एकाच घरात राहून मला हे 22 वर्षांत दिसलं नव्हतं. कोणी अभ्यासासाठी जागायला घेतं, कोणी वजन उतरावं म्हणून, कोणी नाचायला, आणि पुडी मिळते सगळीकडे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून एमडीचा किती माल निघाला ते सगळ्यांनी वाचलंय.

आता केंद्राबद्दल. पहिले दहा दिवस केंद्राने आम्हाला वाचवलं, हे मी कधीच नाकारणार नाही. तो झोपला, जेवला, फोन काढून घेतल्यामुळे पुडीवाल्याचा मेसेज त्याच्यापर्यंत पोचेना, आणि आई कितीतरी दिवसांनी सलग झोपली. पण हॉलमध्ये 25 जण, बहुतेक दारूचे, पंचेचाळीस-पन्नाशीचे काका लोक. सेशनमध्ये लिव्हर, बायकोला मारणं, पगार उडवणं. चांगलीच माणसं होती ती, याला सांभाळून घेतलं, पण भेटायला गेलो तर म्हणाला, दादा, माझ्यासारखं इथे कोणीच नाही. शिवाय आत ना नाइट शिफ्ट ना कॅन्टीन, त्यामुळे ज्या कारणाने घ्यायचा ते कारण महिनाभर समोरच आलं नाही, आणि तो सुधारला असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

माझं मत फिरलं ते डिस्चार्ज कार्डावरून. गुलाबी रंगाचा जाड कागद, वर नाव, भरतीची तारीख, खाली "कोर्स पूर्ण" असा शिक्का, आणि शेवटच्या ओळीत छापलेलं "पुढील भेट" आणि त्यापुढे रिकामी रेघ. मी काउंटरवर विचारलं, परत कधी आणायचं? तर उत्तर, काही त्रास झाला तर फोन करा. महिन्याचे 25 हजार भरल्यावर! त्याच टेबलावर एका पिशवीतून त्याचा फोन परत दिला, त्याने रिक्षातच चालू केला आणि घरी पोचेपर्यंत पुडीवाल्याचे सहा मेसेज आलेले होते. बारा दिवसांत परत सुरू. तेव्हा मी त्याच्यावर खूप ओरडलो, आता वाटतं की त्या रिकाम्या रेघेवर ओरडायला हवं होतं.

सगळीच केंद्रं अशी नसतात हे मुद्दाम सांगतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे मुक्काम साधारण 35 दिवसांचा असला तरी नंतरचा फॉलोअप आणि घरच्यांशी बोलणं हा उपचाराचाच भाग धरतात. आम्ही गेलो ते ठिकाण वेगळं होतं, घाईत निवडलेलं.

ओपीडी म्हणजे सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग, आमचा मंगळवार. त्रास आहेच. सकाळी आठला केस पेपरची रांग, डॉक्टरांपुढे मिळतात पाच-सात मिनिटं, निवासी डॉक्टर बदलत राहतात त्यामुळे तीच कहाणी तिसऱ्यांदा सांगायची. त्याला नाइट शिफ्ट सोडावी लागली, पगार कमी झाला. घरात पैसे आणि फोन यावरून सुरुवातीला रोज भांडणं, आणि रात्री दाराची कडी वाजली की माझी झोप उडायची. केंद्रात हे सगळं दुसरं कोणीतरी सांभाळतं, तो फरक छोटा नाही.

पण समुपदेशक मॅडम एकच, आणि त्या चाळीस मिनिटं बसायच्या, महिन्यातून एकदा आम्हालाही बोलवायच्या. त्यांनी एक गोष्ट करायला लावली, आठवड्याची लघवीची टेस्ट क्लीन आली की त्याला ठरलेलं काहीतरी द्यायचं, आणि नाही आली तर शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त ते द्यायचं नाही. बाबांना हे लाच दिल्यासारखं वाटलं. पण अशा उत्तेजक नशांसाठी जगभरात ज्या पद्धतीला सर्वात चांगला आधार आहे ती हीच, असं मॅडम म्हणाल्या, नंतर मीही वाचलं. आमचं ठरलेलं काय, तर रविवारी बाइकची किल्ली. संध्याकाळी नार्कोटिक्स अनॉनिमसची, म्हणजे नशा सोडू पाहणाऱ्यांच्या एकमेकांना आधार देणाऱ्या गटाची मीटिंग, तिथे त्याच्या वयाची एमडीवाली पोरं भेटली. नव्या माणसाला पांढरा की-टॅग देतात, नशेशिवाय 30 दिवस काढले की नारिंगी, 60 ला हिरवा. नारिंगी त्याने बाइकच्या किल्लीलाच लावला.

41 व्या दिवशी तो घसरला. स्वतः येऊन म्हणाला, दादा, काल घेतली. मंगळवारी डॉक्टरांनी ऐकलं, काय झालं होतं विचारलं आणि केस पेपरवर पुढच्या मंगळवारची तारीख लिहिली. बस. की-टॅग परत पांढऱ्यापासून सुरू झाले पण उपचार तुटला नाही, आणि माझ्यासाठी तिथेच तराजू झुकला.

तरी काही घरांनी आधी भरतीचंच बघावं. पोरगा मरायच्या गोष्टी करतो, आवाज ऐकू येतात, हात उचलतो, किंवा सोबत रोज दारू नाहीतर झोपेच्या गोळ्या घेतो (त्या अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं), तर आजच हॉस्पिटल गाठा. पुडीवाला त्याच बिल्डिंगमध्ये असेल तरी काही दिवस बाहेर काढलेलं बरं. फक्त रात्री गाडी आणून उचलून नेतो म्हणणाऱ्यांना घरात घेऊ नका, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी लागते, ती विचारा. आणि पोलिसांच्या भीतीने थांबला असाल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64अ वकिलाकडून समजून घ्या, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, अर्थात अटींसकट.

कुठून सुरू करायचं हेच कळत नसेल तर 14446 वर फोन करा, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. आणि केंद्रच ठरवलंत तर पैसे भरायच्या आधी एवढं विचारा, बाहेर पडल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला कोण भेटणार, कुठे, कोणत्या तारखेला. उत्तर कागदावर लिहून मागा. पुडीवाल्याचा नंबर बदललेल्या सिममध्येही कुठून तरी येतोच, त्यामुळे फोन परत देण्याआधी, कागदावर नाव लिहून घेतलेल्या त्या भेटणाऱ्या माणसाशी त्याची एकदा भेट झालेली असू द्या.