जपानी चौकटीचा रसास्वाद, पण पडदा ताणलेला

छत्रपती संभाजीनगरातील एका हौशी मंडळाने भरवलेला जुन्या जपानी चित्रपटांचा रसास्वाद वर्ग आशयाने उत्तम, परंतु व्यवस्थेत ढिसाळ होता. या चित्रपटांची चौकट चौरसाकडे झुकणारी असते. ती ताणून रुंद केल्यामुळे यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’तील (१९५३) माणसे सुरुवातीला बुटकी दिसत होती. चौकट हाच विषय असलेल्या वर्गात ही चूक अक्षम्य म्हणावी लागेल.

विवेचन मात्र नेमके होते. ओसरीवर सतरंजी टाकून बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली ठेवलेला ओझूंचा कॅमेरा जवळजवळ हलत नाही, आणि सरकत्या दारांच्या उभ्या-आडव्या रेषा चौकटीत आणखी चौकटी आखत जातात. ‘टोकियो स्टोरी’तील अतामी या समुद्रकाठच्या गावाच्या बांधावर शेजारी-शेजारी बसलेले वृद्ध दांपत्य दाखवून मार्गदर्शकांनी चित्रपट थांबवला. उठताना आजीला आलेली भोवळ पुढे येणाऱ्या तिच्या मृत्यूची सूचना कशी ठरते, हे त्यांनी एकही जड शब्द न वापरता उलगडले.

अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ला (१९५०) तुलनेने कमी वेळ मिळाला. तरीही एका खुनाच्या चौकशीतील साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे पाहून जबानी देतात, न्यायाधीश कधीच दिसत नाही आणि निवाडा प्रेक्षकावर येऊन पडतो, हा मुद्दा ठसला. उपशीर्षके केवळ इंग्रजीत होती. अशा वर्गाला जालना-बीडहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधी पाहावी, कारण चर्चा हमखास लांबते.