जुनी इंडिका डिझेल: घरच्या पान्यांवर सांभाळता येते, पण घेताना रंग नाही, इंजिन बघा

कमी पैशांत घ्यायची, गावात वापरायची आणि बरीचशी कामं घरीच करायची, अशी जुनी डिझेल गाडी शोधणाऱ्या कास्तकाराला आजही टाटा इंडिका सुचवावी लागते. पण सगळ्या इंडिका सारख्या नाहीत. कोणती घेतली यावर ती घरी दुरुस्त होणार की धुऱ्यावर उभी राहणार, हे ठरतं.

१९९८ च्या अखेरीस आलेली इंडिका आणि २००१ ची व्ही-टू, दोन्हींत १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन आहे. डिझेलचा पंप यांत्रिक, चार नोझल, आणि थंड इंजिन पेटायला मदत म्हणून आत तापणारे चार हिटर प्लग. बिघाड शोधायला स्कॅनर लागत नाही, हाच तिचा मोठा गुण. नंतरच्या ईव्ही-टूमध्ये कॉमन रेलचं सीआर-फोर इंजिन आलं. ते चालायला चांगलं आणि ताकदीलाही सरस, पण त्याचे सेन्सर आणि नोझल अंगणात बसून तपासता येत नाहीत. ओळखायची खूण सोपी: बॉनेट उघडल्यावर पंपातून चार लोखंडी नळ्या थेट चार नोझलांकडे गेलेल्या दिसल्या तर जुनं इंजिन. पंपाची नळी आधी एका जाड दांड्यात शिरून तिथून चार फाटे निघत असतील तर कॉमन रेल. घरगुती दुरुस्तीचा विचार असेल तर पहिलंच घ्या.

गाडी बघायला सकाळी जा आणि किल्ली फिरवण्याआधी इंजिनावर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू केल्यावर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येऊन मिनिटभरात विरला तर बहुधा हिटर प्लगचंच काम आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. तिथून धुराचे फुत्कार येत असतील तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, रिंगा आणि लायनर झिजलेत. अशी गाडी फुकट मिळाली तरी स्वस्त पडत नाही. कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, किंवा थंड इंजिन चालू करताच रेडिएटरचा वरचा पाइप टणक होणं, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं. विदर्भाच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलंट कमी असूनही ओढलेल्या गाड्यांची हेडं वाकलेली असतात. बऱ्याच इंडिका टॅक्सीत राबलेल्या आहेत, त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

गाडी घरी आली की पहिला खर्च टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात चालवणाऱ्या पट्ट्याचा. मागचा कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. सोबत टेन्शनरचं बेअरिंग नवं घ्या. कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही त्याच वेळी बदला, कारण ऑइल लागलेला बेल्ट लवकर सडतो. हे काम मात्र अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. पंपही याच बेल्टवर फिरतो, खूण एक दात चुकली तरी टायमिंग बिघडतं.

सकाळी चालू न होण्याची तक्रार या गाडीत सगळ्यांत जास्त येते, आणि दोष बहुतेक वेळा पंपावर ढकलला जातो. पंप उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट सेल्फचा वेग. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेटतं, हळू फिरलं तर ती उष्णताच तयार होत नाही. सेल्फ मारताना बॅटरीवर मल्टिमीटर लावा, साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून पुन्हा सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवा. एवढ्यावरच कितीतरी गाड्या चालू होतात.

दुसरी गोष्ट हिटर प्लग. चारही प्लग जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिन यांच्यातला रोध मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर २१ वॅटचा बल्ब बॅटरीच्या प्लसला जोडून त्याची दुसरी तार प्लगला टेकवा, पेटला तर प्लग शाबूत. प्लग ठीक असूनही गाडी त्रास देत असेल तर किल्ली फिरवल्यावर पट्टीवर करंट येतो का ते बघा, नसेल तर रिले किंवा फ्यूज. प्लग काढताना मात्र घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका, इंजिन गरम असताना लांब सॉकेटने हळूहळू मागे-पुढे करत सोडवा. जोर लावला की प्लग हेडमध्येच तुटतो आणि मग बहुतेक वेळा हेड उतरवावं लागतं. दोन जळाले असतील तर चारही बदला.

तिसरी गोष्ट हवा. रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि लाइन हवा धरते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप तात्पुरता लावा, बुडबुडे दिसले तर गळती टाकी ते फिल्टर या भागात आहे. क्लिपा, फिल्टरचं रबर आणि नोझलवरचे रिटर्नचे बारीक पाइप बघा. हे पाइप उन्हाने तडकतात, मीटरभर घेऊन चारही एकदमच बदलावेत. हवा काढायची रीत: फिल्टरवरचा हातपंप जड होईपर्यंत दाबा, तिथला हवा काढायचा स्क्रू सैल करा, त्यातून बिनबुडबुड्याचं डिझेल आलं की बंद करा, मग दोन नोझलांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल उडालं की आवळा. सेल्फ एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको. सैल नटाजवळ उघडा हात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं आणि ती जखम गंभीर असते.

ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठवलेलं डिझेल या गाडीत ओतणं टाळा. त्यात पाणी आणि गाळ असतो, आणि या पंपाला वंगणही डिझेलचंच मिळतं. रॉकेल मिसळलं तर पंप आणखी लवकर झिजतो. महिन्यातून एकदा फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून पाणी काढा.

थंडाव्याच्या बाबतीत एक चुकीची सवय आपल्याकडे फार पसरली आहे: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप, काढून टाकणं. त्याने इंजिन हिवाळ्यात कधीच नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जातं आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. ते कारण बहुधा रेडिएटरमध्ये असतं. कापसाच्या हंगामात जाळीत तंतू आणि धूळ घट्ट बसते, ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाण्याचा दाब कमी ठेवून धुवा. आतल्या बाजूला बोअरच्या जड पाण्याचा थर साचतो, म्हणून कूलंट बॅटरीच्या पाण्यातच निम्मं-निम्मं मिसळा. पंखा वेळेवर लागतो का ते गाडी उभ्याने गरम करून बघा. थर्मोस्टॅट तपासायला गरम पाण्याचं पातेलं पुरतं. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे.

पांदणीची धूळ इंजिन खाते. एअर फिल्टर दर पंधरवड्याला झटका, हवा मारायची तर आतून बाहेर, आणि कागदाला भोक दिसलं की लगेच नवा टाका. खालून एक्सलचे रबरी बूट बघा. फाटलेल्या बुटात काळ्या मातीचा चिखल गेला की वळताना कटकट आवाज येतो, तेव्हा बुटाच्या किमतीत निभावत नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. काळ्या मातीत जॅक रुततो. खाली जाड फळी किंवा फरशी ठेवा आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय अंग आत घालू नका.

टॅक्सीमुळे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. भंगारातून दार, काच, दिवे, सेल्फ, डायनामो घ्यायला हरकत नाही. बेल्ट, ब्रेकचं सामान, बेअरिंग आणि रबराची कोणतीही वस्तू नवीच घ्या. पंप आणि नोझल खोलणं हे पंपवाल्याचं काम, त्याला टेस्ट बेंच लागतो. नोझल परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे आहेत ना, एवढं आपण बघावं.

आरसी म्हणजे गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २००८ ची व्ही-टू घेताना ते झालं आहे का हे आधी विचारा. नसेल तर आरटीओची फी, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स आणि त्याआधी करावी लागणारी पत्र्याची वेल्डिंग, हे सगळं गाडीच्या किमतीतून वजा करूनच बोली करा.