बॉयलर तापून बंद पडतोय: वर्षाचं कव्हर बरं की ओळखीचा इंजिनिअर?

ऑक्टोबर संपताना घड्याळं तासभर मागे गेली की इंग्लंडातल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हटकून एक फोन येतो. हीटिंग लावलं की घर तापवणारा गॅसचा बॉयलर तापून बंद पडतोय, कव्हर (महिन्याला पैसे भरून मिळणारी दुरुस्तीची हमी) घेऊन टाकू की कुणाला तरी बोलावू? मी दोन्ही करून बसलोय. तीन वर्षं कव्हर होतं, गेली दोन वर्षं नाही. एवढ्यावरून माझा कल कळेलच, पण कव्हरची बाजूही अगदीच लंगडी नाही.

बॉयलर अजून कंपनीच्या गॅरंटीत असेल, तर या दोन्हींच्या नादाला लागू नका. दरवर्षी सर्व्हिस करून नोंद ठेवली असेल तर सरळ कंपनीलाच फोन करा. भाड्याच्या घरात असाल तर ती डोकेदुखी घरमालकाची.

आमचं घर रेडिंगला आहे, तीन बेडरूमचं सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी जोडलेलं), कॉम्बी बॉयलर, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकाच यंत्रातून. पाणी असं, की महिनाभरात किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते. कव्हर होतं त्या काळातल्या एका नोव्हेंबरात हीटिंग लावलं की बॉयलरवरचा तापमानाचा आकडा ६० वरून बघता बघता ८५ च्या पुढे जायचा, आत घरघर सुरू व्हायची आणि तीन-चार मिनिटांत लॉकआउट, म्हणजे बॉयलर स्वतःला बंद करून घ्यायचा. रीसेट दाबा, पुन्हा तेच. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. आलं किसता किसता म्हणाली, "अरे, हा आपल्या बंबासारखाच घुमतोय. आत काहीतरी धरलंय." मी हसण्यावारी नेलं.

कव्हरचं सुख आधी सांगतो. एक फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस दारात. घासाघीस नाही, हा खरंच गॅस सेफ (गॅसचं काम करायला लागणारी नोंदणी) आहे का ही धाकधूक नाही. मी तेव्हा महिन्याला वीसेक पौंड भरायचो आणि दर भेटीला ६० पौंड एक्सेस, म्हणजे आपल्या खिशातून द्यायचा वाटा; वर्षाची सर्व्हिस त्यातच. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि तुम्ही दिवसभर कामावर असाल, तर या निश्चिंतीला मोल आहे.

आता माझं दुखणं. कव्हरचा पहिला माणूस आला, त्याने बॉयलरवरचा बिघाडाचा कोड बघितला, तापमानाचा सेन्सर बदलला आणि गेला. दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. दुसरा आला, त्याने पंप बदलला. आठवडा बरा गेला. तिसऱ्याने थोडं पाणी काढून बघितलं. शाईसारखं काळं. म्हणाला, "हा गाळ आहे, गाळ कव्हरमध्ये येत नाही." अटींची पानं उलटली तर खरंच तसं लिहिलेलं होतं. तुमच्याकडे कव्हर असेल तर आजच ते पान काढा, कारण गाळ आणि क्षार वगळलेली कव्हरं बरीच आहेत.

पैशांचं मी सोडून दिलं असतं. वैताग आला तो दर खेपेला नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी सांगण्याचा. आधीच्याने काय केलं हे याच्या टॅबलेटवर एका ओळीत. घर काय म्हणतंय ते कुठेच नाही. तिघांपैकी एकानेही रेडिएटरला (बॉयलरचं गरम पाणी ज्यातून फिरून खोली तापते त्या भिंतीवरच्या पत्र्याला) हात लावला नाही. बॉयलर तापला एवढंच तो कोड सांगतो. कशाने तापला ते शोधायला बॉयलरसमोरून हलावं लागतं.

मग मागच्या गल्लीतल्या गुजराती काकांनी एक नंबर दिला. साठीला टेकलेला गृहस्थ, एकटाच काम करणारा. तो आला आणि बॉयलर न उघडता आधी विचारलं, "शॉवरला गरम पाणी नीट येतं?" येत होतं, अगदी वाफाळतं. "मग पंप पाणी ढकलतोय आणि सेन्सरही बहुधा शुद्धीवर आहे. बॉयलरपेक्षा घर बघू." मग बॉयलरखालच्या दोन पाइपांना हात लावून बघितला. रेडिएटरकडे जाणाऱ्याला बोट टेकवत नव्हतं, परतीचा जेमतेम कोमट. म्हणजे पाणी रेडिएटरांतून नीट फिरतच नव्हतं, आहे तेवढंच आतल्या आत उकळत होतं. खालच्या मजल्यावरचे रेडिएटर वरून गरम आणि खाली मधोमध गार. वरून गार असेल तर हवा अडकलेली, चावीने सोडली की झालं. खालून गार म्हणजे गाळ.

दुसरा प्रश्न ऐकून मी ओशाळलो. "प्रेशर किती वेळा भरता?" मी दर पंधरा दिवसांनी हीटिंगमध्ये नळाचं पाणी भरून प्रेशरचा काटा १ बारवर आणून ठेवायचो आणि स्वतःला घराची काळजी घेणारा समजायचो. तो म्हणाला, प्रत्येक भरणीला ताजा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि त्याच गंजाचा हा काळा गाळ होतो. भरावं का लागत होतं? तर एक्सपान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेली होती. पाणी तापून फुगलं की काटा ३ पर्यंत चढायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी सोडायचा आणि निवल्यावर काटा पुन्हा खाली. ती नळी कचऱ्याच्या डब्यांमागे आहे. तिच्याखालची भिंत कधीपासून ओली होती, कुणाला ठाऊक. सायकलला मारतो तसल्या पंपाने त्याने व्हेसल भरलं. मग सिस्टिममध्ये रसायन घालून आठवडाभर फिरू दिलं, एकेक रेडिएटर धुऊन काढला, परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवला आणि गंजरोधक घातलं. फिल्टर पहिल्यांदा उघडला तेव्हा चुंबकावर काळ्या लोण्यासारखा थर होता. आईने तो बोटावर घेऊन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. बंबासारखा क्षार नव्हे, पण काहीतरी धरलं होतं खरंच.

सगळं मिळून साडेसहाशे पौंड. कव्हरचे दोन वर्षांचे हप्ते आणि तीन भेटींचा एक्सेस धरला तर फार अंतर उरत नाही, पण रक्कम एकदम बाहेर पडते आणि ती टोचते हे कबूल. गेल्या जानेवारीत ऐन थंडीत हा गृहस्थ स्पेनला गेलेला आणि आमच्या बॉयलरचा ठिणगी पाडून पेटवणारा भाग खराब झाला. दोन रात्री फॅन हीटरवर काढल्या. कव्हर असतं तर ती वेळ आली नसती, हे बायको अजून ऐकवते.

तरी मी परत कव्हरकडे जाईन असं वाटत नाही. सुटा भाग मोडला तर कव्हर झकास. पण तापून बंद पडणं हे दुखणं बरेचदा बॉयलरच्या बाहेरचं असतं, आणि त्याला पाइपला हात लावणारा, सहा महिन्यांनीही तोच येणारा माणूस लागतो. दुसरं घर भाड्याने दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गॅसची तपासणी दर १२ महिन्यांनी कायद्यानेच करावी लागते, तेव्हा ती कव्हरमध्ये मिळत असेल तर घ्या.

कुणालाही बोलावण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: नळाला गरम पाणी येतं का, दोन पाइपांमधला फरक, रेडिएटर कुठे गार आहे आणि थंड-गरम असताना प्रेशरचा काटा कुठे असतो. बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आणि येणाऱ्याचं गॅस सेफ कार्ड उलटून बघा, त्याला कुठली कामं करता येतात ते मागच्या बाजूला असतं.

आमच्या माणसाचा नंबर मागाल, म्हणून सांगतो: त्याने बजावलंय की नोव्हेंबरात नवीन गिऱ्हाईक पाठवू नका. मे महिन्यात विचारा.