घरासाठी कॉर्डलेस ड्रिल: मी १२ व्होल्टवरच का थांबले

कॉर्डलेस ड्रिल घ्यायचा असेल तर आधी बॅटरी बघा, ड्रिल नंतर. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. दोन बॅटऱ्या आणि चार्जर एकदा घरात आले की पुढची करवत, सँडर, ग्राइंडर त्याच कंपनीचं घेणं भाग पडतं, कारण बॅटरीशिवायचं नुसतं मशीन बरंच स्वस्त पडतं. आणि नुसतं कंपनीचं नाव जुळून भागत नाही. बॉशची निळी, कारागिरांसाठीची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच हिरव्या, घरगुती मशीनला लागत नाही. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी बॅटरी त्यांच्या ४० व्होल्टच्या एक्सजीटी मशीनला चालत नाही. उलट उदाहरण रिओबीचं. १९९६ पासून त्यांनी १८ व्होल्टच्या बॅटरीचा खाचा बदललेला नाही, आणि याबद्दल मला त्या कंपनीचा मनापासून आदर वाटतो.

मी बॉशच्या निळ्या १२ व्होल्ट मालिकेतला जीएसआर १२व्ही-१५ घेतला. सोबत २ अ‍ॅम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या.

१८ व्होल्ट का नाही, हे नीट सांगते, कारण बहुतेक जण इथेच अडतात. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. तीन सेल एकापुढे एक जोडले की १०.८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच १२ च्या आसपास जातात, म्हणून डब्यावर १२ लिहितात. बॉशची ही मालिका आधी १०.८ व्होल्ट म्हणूनच विकली जायची. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट. काही देशांत त्यालाच ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणतात, तेव्हा १८ आणि २० यांत जास्त ताकद कुणाची, यावर डोकं शिणवू नका. बॅटरीत एकूण ऊर्जा किती, हे व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर-तास केलं की कळतं. माझी बॅटरी २१.६ वॉट-तासांची. १८ व्होल्टची २ अ‍ॅम्पिअर-तासाची ३६ ची, ४ ची ७२ ची. फरक मोठा आहे, पण तो वजनातही दिसतो. ४ अ‍ॅम्पिअर-तासाच्या बॅटरीत बहुधा पाच-पाच सेलच्या दोन ओळी असतात, म्हणजे दहा सेल. माझ्या बॅटरीत तीनच.

आता घरात काम काय असतं ते बघा. कपाटाची बिजागरी घट्ट करणं, पलंग खोलून दुसऱ्या खोलीत जोडणं, प्लायला भोकं पाडणं, पडद्याच्या दांडीचे ब्रॅकेट बसवणं. यातलं निम्मं काम हात डोक्याच्या वर धरून होतं. स्टुलावर उभं राहून एका हाताने ब्रॅकेट दाबून दुसऱ्याने स्क्रू पिळताना एक किलोच्या आतलं मशीन आणि दीड-दोन किलोचं मशीन यात काय फरक पडतो, हे मनगटाला विचारा. या ड्रिलची पिळण्याची ताकद कंपनी ३० न्यूटन-मीटर सांगते. लाकडातल्या नेहमीच्या स्क्रूंना ती पुरून उरते. पहिल्या गिअरला मिनिटाला ४०० फेरे, दुसऱ्याला १३००. स्क्रू पहिल्यावर, भोक दुसऱ्यावर. मधली क्लचची रिंग लोक विसरतात. ती कमी आकड्यावर ठेवली की स्क्रू बसल्यावर मशीन कटकट आवाज करून सोडून देतं, आणि पार्टिकल बोर्डमधली आटी फाटत नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी ही रिंग दाखवते.

एक गोष्ट मला खटकते. बॅटरी मुठीच्या आत सरकते, त्यामुळे मूठ जाड झाली आहे. माझ्या लहान हाताला ती भरल्यासारखी वाटते. मकिताच्या १२ व्होल्टच्या सीएक्सटी मालिकेत बॅटरी खाली पायासारखी बसते, म्हणून तिथे मूठ बारीक आणि मशीन टेबलावर नीट उभं राहतं. हात लहान असेल तर दोन्ही हातात धरून बघाच. मी तरीही बॉश घेतला, कारण त्याचं नाक आखूड आहे आणि कपाटाच्या कोपऱ्यात ते शिरतं.

काँक्रीटचं मात्र स्पष्ट बोलते. या ड्रिलमध्ये हॅमर, म्हणजे फिरता फिरता बिट ठोकायची सोय, नाही. हॅमरवालं भावंड, जीएसबी, मिळतं. विटेच्या भिंतीत गिट्टीसाठी (स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगसाठी) ६ मिलिमीटरचं भोक त्याने होतं, पण स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये कुठलाही छोटा हॅमर ड्रिल रडवतो. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात आणि जोर तुमच्या खांद्यातून जातो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने बिटवर घाव घालतो, तुम्ही फक्त धरून ठेवायचं. म्हणून माझं ठाम मत आहे: काँक्रीटसाठी वायरवाला एसडीएस-प्लस (खाचा असलेली बिट नुसती आत दाबून बसवायची पद्धत) रोटरी हॅमर घ्या, नाहीतर त्या दिवसापुरता मागून आणा. वर्षातून मोजकी भोकं पाडायची म्हणून १८ व्होल्टचा सगळा संसार मांडू नका.

१८ व्होल्ट कुणी घ्यावं? ज्याला गोल करवतीने प्लायची पूर्ण शीट कापायची आहे, ग्राइंडर चालवायचा आहे, बागेतलं मशीनही त्याच बॅटरीवर हवं आहे. ही मशीनं सतत जास्त करंट ओढतात, आणि तिथे सेलच्या दोन ओळी भार वाटून घेतात. एकाच ओळीची लहान बॅटरी लावली तर व्होल्टेज खाली बसतं, बॅटरी तापते आणि मशीन मधेच थांबतं. असलं काम वर्षभर चालू असेल तर थेट १८ मध्ये जा, आणि निदान एक बॅटरी ४ अ‍ॅम्पिअर-तासाची घ्या.

ब्रशलेस मोटर चांगलीच. कार्बन ब्रश घासत नाहीत, त्याच बॅटरीवर जास्त काम होतं. पण बजेट तंग असेल तर साधी मोटर घ्या आणि वाचलेल्या पैशात दुसरी बॅटरी. पलंग अर्धवट उघडा असताना चार्जरकडे बघत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला लावणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात. मी घरात येऊ देत नाही. तापमान कळवणाऱ्या पिना त्यात जोडलेल्या असतीलच असं नाही, आणि इतकी ऊर्जा कोंडलेल्या वस्तूबाबत मला धोका नको. बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून, उन्हापासून दूर, घरातल्या थंड कपाटात ठेवा. चार्जरवर लावून विसरू नका. गोठवणाऱ्या थंडीत ठेवलेली बॅटरी तशीच चार्ज करू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आणि पैसे देण्याआधी त्याच मालिकेची सुटी बॅटरी केवढ्याला मिळते ते विचारा. बॅटरी झिजणारी वस्तू आहे, काही वर्षांनी ती बदलावी लागणारच. आज जो सेट फार स्वस्त वाटतो, त्याची सुटी बॅटरी कधीकधी जवळपास सेटच्याच किमतीला असते, किंवा मिळतच नाही. उत्तर असं आलं तर तो सेट मी खाली ठेवते.